सातव्या महिन्यात काय वाचावं आणि कुणी वाचावं

गरोदरपणाचं पुस्तक घरात आलं की पहिले नऊ महिने वाचून होतात. कितव्या आठवड्यात बाळ केवढं, कधी लाथ मारेल. छान वाटतं वाचायला, पण त्यातलं काहीच आपल्या हाताने करायचं नसतं. हाताने करायचं सगळं बाळंतपणानंतरच्या पहिल्या दहा दिवसांत अंगावर येतं आणि तेव्हा पान उलटायला उसंत नसते. म्हणून आग्रहाने सांगते, ते दहा दिवस सातव्या महिन्यातच वाचा. बाबांनीही वाचा. आणि बाळंतपणाला येणाऱ्या आजीला शेजारी बसवून मोठ्याने वाचा, कारण घुटी आणि धुरीचे निर्णय तिच्या हातात असतात.

पहिलं वाचायचं ते फुकट मिळतं. माता व बाल संरक्षण कार्ड. पालिकेच्या दवाखान्यात नाव नोंदवलं की मिळतं आणि सोनोग्राफीच्या रिपोर्टांमागे जाऊन बसतं ते थेट लस टोचायच्या दिवशी बाहेर येतं. लसींचं वेळापत्रक, वजनाचा तक्ता, धोक्याची लक्षणं, सगळं त्यात आहे.

मग पुस्तक. दादरला दुकानात उभ्याउभ्या पारखता येतं. स्तनपानाचं प्रकरण उघडा. ‘एकेका बाजूला दहा मिनिटं पाजा’ एवढ्यावर भागवलं असेल तर परत ठेवा. मिनिटांपेक्षा पकड महत्त्वाची आणि ती चित्रासकट समजावलेली हवी. बाळाचं नाक स्तनाग्रासमोर, मान किंचित मागे. जांभईएवढं तोंड उघडलं की हनुवटी आधी टेकवायची, म्हणजे खालच्या बाजूचा काळा भाग जास्त आत जातो. नुसतं टोक तोंडात गेलं तर बाळ तासभर चोखतं, पोट भरत नाही आणि आईला भेगा पडतात. बाळाने सोडल्यावर स्तनाग्र नव्या लिपस्टिकसारखं तिरकं, चपटं दिसलं की समजा पकड चुकली. अशा वेळी ओढून काढू नका. स्वच्छ करंगळी बाळाच्या ओठांच्या कोपऱ्यातून आत सरकवा, पकड सुटते, मग पुन्हा लावा. ‘दूधच येत नाही’ म्हणून घरात येणारे कितीतरी पावडरचे डबे या एका पकडीपायी येतात, याचं फार वाईट वाटतं.

दूध पुरतं की नाही हे रडण्यावरून ठरवू नका, लंगोट मोजा. पाचव्या-सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा किंवा जास्त ओले हवेत. डायपरमध्ये हे कळत नाही, म्हणून सुरुवातीला दिवसा लंगोटच बरे. पावसाळ्यात मुंबईत काही वाळत नाही, तेव्हा दोन डझन तरी शिवून ठेवा. पहिल्या दिवसांत वजन थोडं उतरतंच, जन्माच्या वजनाच्या दहा टक्क्यांपर्यंत. दोन आठवड्यांत भरून यायला हवं. मे महिन्याच्या उकाड्यातही सहा महिन्यांपर्यंत वरचं पाणी नको, आईच्या दुधात ते भरपूर असतं.

दुसरी परीक्षा मधाची. वर्षाच्या आत मध चाटवायला सांगणारं पुस्तक घेऊच नका. त्यातल्या जंतूंच्या बीजाणूंनी बाळाला बोटुलिझम, म्हणजे अंग लुळं पाडणारा आजार, होऊ शकतो. तिसरी झोपेची: पाठीवर, सपाट अंथरुणावर, उशीशिवाय.

बाळ कमी दिवसांचं झालं तर काय, हेही पुस्तकात असावं. दूध हाताने काढता येतं, आणि शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९पासून दुग्धपेढी आहे (इतर आयांनी दान केलेलं दूध साठवून गरजू बाळांना देणारी), आशियातली पहिली. बाळाच्या दुधाच्या पावडरीच्या जाहिरातीला आपल्याकडे १९९२च्या कायद्याने बंदी आहे, तेव्हा फुकट वाटलेली पुस्तिका कुणी छापली ते मागच्या पानावर जरूर बघा.

गर्भसंस्काराची पुस्तकं वाचून मन शांत होत असेल तर खुशाल वाचा. फक्त वरचं आधी.

शेवटी एक कागद फ्रिजवर चिकटवा. मिनिटाला साठ किंवा जास्त श्वास (पूर्ण मिनिट मोजून), छाती आत ओढली जाणं, दूध न ओढणं, झटके, अंग गार पडणं किंवा ताप ३८ अंश सेल्सियस वा जास्त, पहिल्याच दिवशी कावीळ, नंतर तळहात-तळपाय पिवळे. यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट न बघता निघायचं. रात्री उघड्या असणाऱ्या रुग्णालयाचा नंबर त्याच कागदावर लिहा, जाडसर पेनाने.