शहर किती पसरलंय ते बंद गल्ल्या मोजून कळतं

माझ्या बाल्कनीतून मित्राच्या किचनचा लाइट दिसतो. मधे एक भिंत. हाक मारली तर ऐकू जाईल एवढं अंतर, फार तर दोनशे मीटर, पण चालत जायचं म्हटलं तर आधी उलटं आमच्या गेटपर्यंत, मग मोठा रस्ता, मग सिग्नल, मग त्यांच्या वसाहतीचं गेट आणि तिथून परत आत आत आत. पंचवीस मिनिटं. द्राविडी प्राणायाम म्हणतात तो हाच. मग दोघंही काय करतो, गाडी काढतो. दोनशे मीटरला गाडी!

शहर अस्ताव्यस्त पसरलंय असं सगळेच म्हणतात, पण पसरलंय म्हणजे नक्की किती, ते मोजायचं कसं, यावर कोणी फारसं बोलत नाही. बहुतेक जण चौरस किलोमीटरला किती माणसं राहतात तेवढं बघतात आणि मोकळे होतात. हा आकडा फसवा आहे. अमेरिकेच्या २०१० च्या जनगणनेत लॉस एंजेलिसच्या सलग शहरी पट्ट्याची घनता न्यूयॉर्कच्या पट्ट्यापेक्षा जास्त निघाली होती. हो, न्यूयॉर्कपेक्षा! कारण न्यूयॉर्कच्या भोवती लांबवर विरळ उपनगरं आहेत आणि ती सरासरी खाली ओढतात. म्हणजे आकडा खरा, पण शहरात राहणाऱ्या माणसाला दारातून निघून पायी कुठे पोचता येतं ते त्यातून काही कळत नाही.

मला विचाराल तर रस्ते एकमेकांना किती जोडलेत ते मोजा. आणि ते मोजायला इंजिनियर असायची गरज नाही, नकाशा उघडा आणि बोट ठेवून मोजत जा. चौकात चार रस्ते मिळतात, त्याला ४. तिठा असेल तर ३. रस्ता पुढे भिंतीला जाऊन संपला, त्याला १. सगळ्यांची सरासरी काढा. आडव्या-उभ्या रस्त्यांची पूर्ण जाळी असेल तर ती ४ च्या जवळ येते. आणि रस्ते झाडासारखे असतील, म्हणजे एक खोड, त्याला फांद्या, फांद्यांना डहाळ्या आणि कुठेही दोन फांद्या परत एकमेकींना मिळत नाहीत, तर सरासरी कायम २ च्या खालीच राहते, झाड कितीही मोठं करा. हे साधं गणित आहे, त्यातून सुटका नाही. मुंगीला एका पानावरून शेजारच्या पानावर जायचं तर डहाळीवरून फांदीवर उतरायचं आणि परत चढायचं, तसं आमचं झालंय. फरक एवढाच की मुंगीकडे गाडी नाही.

दुसरं माप मला जास्त आवडतं कारण ते पायाला कळतं. प्रत्यक्ष चालावं लागणारं अंतर भागिले सरळ रेषेतलं अंतर, हे गुणोत्तर. चौकटीच्या जाळीत कुठूनही कुठेही जा, एका चौकातून दुसऱ्या चौकात, हे गुणोत्तर १.४१ च्या वर जाऊच शकत नाही (कर्णाचं गणित, शाळेतलंच). माझं आणि मित्राचं जवळपास १० आहे. तिसरं माप म्हणजे असे रस्ते शोधायचे की तो एक रस्ता खोदला तर आतले सगळे अडकले. असे रस्ते जितके जास्त तितकं शहर एका धाग्यावर लटकलेलं. ॲम्ब्युलन्स, आगीचा बंब, कचऱ्याची गाडी, सगळे त्याच एका तोंडातून आत-बाहेर. बस तर येतच नाही, कारण बसला एका बाजूने आत शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर पडता यायला हवं असतं, आत जाऊन तीन वेळा रिव्हर्स घेऊन तिथूनच परत यायला कोण बस पाठवेल?

हे सगळं घरी बसून केलेलं खूळ नाही, यावर दणकून अभ्यास झालाय. क्रिस्टोफर बॅरिंग्टन-ली आणि ॲडम मिलार्ड-बॉल या दोघा संशोधकांनी २०१५ मध्ये अमेरिकेतले १९२० ते २०१२ पर्यंतचे रस्ते तपासले आणि दिसलं की नव्या रस्त्यांची जोडणी दशकानुदशकं बिघडत गेली, १९९४ च्या आसपास तळाला पोचली आणि मग कुठे हळूहळू सुधारायला लागली. पुढे २०२० मध्ये त्यांनी ओपनस्ट्रीटमॅपचा (कोणीही भर घालू शकेल असा खुला ऑनलाइन नकाशा) डेटा घेऊन हेच काम अख्ख्या जगासाठी केलं. तिथलं चित्र मात्र उलटं, १९७५ पासून जगात बऱ्याच ठिकाणी नवीन बांधकाम आधीच्यापेक्षा जास्त तुटक होत चाललंय. अर्जेंटिना, बोलिव्हिया, पेरू हे देश अजून जाळी धरून आहेत. जपानही चांगल्यांत येतो, आणि हे मुद्दाम सांगतोय कारण टोकियोच्या गल्ल्या काही सरळ नाहीत, नुसता गुंता आहे. पण गुंता असूनही त्या एकमेकींना मिळतात. सरळ असणं आणि जोडलेलं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, लोक इथेच घोटाळा करतात आणि जोडणी म्हटलं की लगेच बुद्धिबळाचा पट डोळ्यासमोर आणतात.

आता एवढं का लावून धरलंय? कारण इमारत पाडता येते, घनता वाढवता येते, पण रस्ता एकदा पडला की पडला. १६६६ मध्ये लंडन जळून खाक झालं, नवीन ऐसपैस रस्त्यांचे आराखडे काही दिवसांत तयार होते, आणि शहर बरंचसं जुन्याच रस्त्यांवर परत उभं राहिलं, कारण रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मालकी हक्क असतात आणि ते आगीत जळत नाहीत. म्हणजे आज कोणी ले-आउट पास करताना एक रस्ता शेजारच्या हद्दीपर्यंत न नेता आधीच संपवला, तर ते पुढच्या तीन-चार पिढ्यांसाठी संपवलं.

यावर एक उत्तर हमखास येतं की बंद गल्ली शांत असते, पोरं खेळतात, अनोळखी गाड्या येत नाहीत. खरं आहे! मी स्वतः त्या शांततेत राहतो आणि मला ती आवडते. पण ही शांतता फुकट नाही, आमच्या आतल्या सगळ्या गाड्या मोठ्या रस्त्यावरच्या त्या एकाच सिग्नलला जाऊन उभ्या राहतात आणि तिथे राहणारे आमचा हॉर्न ऐकतात. शिवाय शांतता गाड्या अडवल्या की मिळते, त्यासाठी माणसं अडवायची काय गरज? अमेरिकेत न्यू जर्सीतली रॅडबर्न ही वसाहत १९२९ ची, बंद गल्ल्यांचं मूळ म्हणून तिचं नाव घेतात, पण तिथे गल्ली गाडीसाठी बंद होती, घरांच्या मागून पायवाटा होत्या, मोठ्या रस्त्याखालून पायी जायला बोगदा होता. नंतर १९३० च्या दशकात अमेरिकेच्या फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशनने (घरांच्या कर्जांना हमी देणारं सरकारी खातं) पुस्तिका काढून चौकटीचे आराखडे वाईट आणि बंद गल्ल्यांचे चांगले असं बिल्डरांना चित्रांसकट समजावलं, आणि पुढे सगळीकडे काय उचललं गेलं तर फक्त बंद गल्ली. पायवाट गाळली. जमीन वाचते ना! याउलट नेदरलँड्समधलं हाउटन बघा, शेजारच्या मोहल्ल्यात कारने जायचं तर बाहेरच्या रिंग रोडला जाऊन वळसा, सायकलने जायचं तर सरळ. वळसा कोणाला घालायला लावायचा हे तिथे ठरवून केलंय. आमच्याकडे पायी चालणाऱ्याला घातलाय, तोही कोणी न ठरवता.

मोजणीत गोच्याही आहेत, ते कबूल. दुभाजक असलेला रस्ता नकाशात दोन रेषा म्हणून येतो, असे दोन रस्ते एकमेकांना छेदले की एका चौकाचे चार चौक मोजले जातात आणि सरासरी फुगते. फ्लायओव्हर खालच्या रस्त्याला छेदताना दिसतो पण तिथे खाली उतरता येत नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे नकाशावर रस्ता आहे, प्रत्यक्षात तिथे कुलूप लावलेलं गेट. कंप्युटरच्या हिशेबी तुम्ही शेजारी, वॉचमनच्या हिशेबी घुसखोर.

आमच्या त्या भिंतीला मधे एकदा भगदाड पडलं होतं. कोणी पाडलं माहीत नाही (खरंच माहीत नाही). एक माणूस आडवा होऊन जाईल एवढंच, पण महिनाभरात तिथे माती घट्ट होऊन व्यवस्थित पायवाट तयार झाली, सकाळी शाळेची पोरं, संध्याकाळी आजी-आजोबा, अख्खी वर्दळ. मी हौसेने ओपनस्ट्रीटमॅपवर जाऊन ती वाट टाकली, जोडून दोन नवीन तिठे झाले, आमचा १० चा आकडा दीडवर आला. मग मीटिंगमध्ये सुरक्षेचा विषय निघाला आणि रविवारी गवंडी येऊन भोक बुजवून गेला, वर काचा लावल्या.

नकाशावरून ती वाट मी अजून काढलेली नाही. काढायला हवी, डेटा चुकीचा राहतो, कळतं मला. बघू.