खुर्ची दिली, पण कोणत्या मापाची?

अपंग मुलांना व्हीलचेअर देण्याबद्दलचा तुमचा लेख वाचला. 'व्हीलचेअर मिळाली की मुलाचा शाळेचा मार्ग मोकळा होतो' हे त्यातलं वाक्य पटलं नाही. माझ्या भाच्याला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे अंगाच्या हालचालींवर आणि तोलावर नीट ताबा राहत नाही. घर गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात. एका कार्यक्रमात हार-फोटोसकट त्याला मिळालेली खुर्ची मोठ्या माणसाच्या मापाची होती. पाय खालच्या, पाय ठेवायच्या पाट्यांपर्यंत पोचेनात, अंग एका बाजूला कलंडायचं. बहीण दोन्ही बाजूंना चादरीच्या वळकट्या खुपसायची. अशा बसण्याने कणा वाकडा होतो, बसल्या जागी जखमा होतात, हे नंतर फिजिओथेरपिस्टने सांगितलं. जागतिक आरोग्य संघटनेने 2008 सालीच मार्गदर्शक सूचना काढल्यात: आधी तपासणी, मग मापाची खुर्ची, ती बसवून पाहणं, घरच्यांना शिकवणं, पुढे दुरुस्ती. आपल्याकडे सगळं वाटपापाशीच आटोपतं. मूल वाढतं हेही कुणाच्या डोक्यात नसतं!

खुर्चीमुळे मुलाला उचलून उचलून आईच्या कंबरेवर येणारा ताण कमी होतो, असं लेखात लिहिलंय ते मात्र शंभर टक्के खरं. पुढे भाच्याला त्याच्या मापाची खुर्ची मिळाली, ती आल्यापासून बहिणीचं त्याला कडेवर घेऊन फिरणं बरंच कमी झालं, आणि तो जेवायला सगळ्यांबरोबर बसतो. पण अंगणात उतरायला चिऱ्याच्या तीन पायऱ्या, तिथे अजून दोघं लागतातच. शिवाय आपला पावसाळा. पुढच्या चाकांचे बेअरिंग गंजून जाम झाले, तेव्हा देणाऱ्यांचा फोन लागेना. शेवटी सायकलवाल्यानेच ते बदलून दिले. दात्यांनी खुर्चीसोबत निदान दुरुस्तीचा चालू नंबर तरी द्यावा.