म्हणे, टेसनं आधी सांगायला हवं होतं!

आज आमच्या वाचनकट्ट्यावर थॉमस हार्डीची 'टेस ऑफ द डर्बरव्हिल्स' ही इंग्रजी कादंबरी होती. एकजण सहज बोलून गेले, "टेसनं आपलं आधीचं सगळं लग्नाआधीच सांगायला हवं होतं." निम्म्या माना डोलल्या. तेव्हापासून माझं डोकं तापलंय.

अहो, सांगितलं होतं तिनं! पत्र लिहून होणाऱ्या नवऱ्याच्या, एंजलच्या दाराखालून सरकवलं, ते गालिच्याखाली गेलं. लग्नाच्या रात्री आधी तोच कबुली देतो. लंडनमध्ये एका अनोळखी बाईबरोबर ४८ तास घालवलेले. टेस क्षणात माफ करते. मग ती आधीच्या मालकिणीच्या मुलानं, अॅलेकनं केलेला घात सांगते, गेलेल्या बाळाबद्दल सांगते. त्यावर हा पुरोगामी, चर्चची नोकरी नाकारलेला माणूस म्हणतो, मी जिच्यावर प्रेम केलं ती तू नव्हेसच. आणि ब्राझीलला निघून जातो.

माझ्या मावसबहिणीचं हेच झालं. ठरलेल्या मुलानं कॉलेजातलं प्रकरण सांगितलं, ती म्हणाली, "असू दे." मग तिनं आपलं सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या काकांचा फोन, पत्रिका जुळत नाही. साखरपुडा झाल्यावर!

कट्ट्यावर सगळा वेळ प्रतीकांत गेला. लाल रिबन, टेसच्या घरच्या प्रिन्स घोड्याचं अपघातात उडालेलं रक्त, अॅलेकच्या खुनानंतर छतावर पसरलेला रक्ताचा डाग, स्टोनहेंजच्या प्राचीन शिलावर्तुळात शिळेवर बळीसारखी झोपलेली टेस. सुंदर आहे सगळं, नाही कोण म्हणतं? पण घोड्याचं रक्त उडतं ते टेसच्या अंगावर. एंजलच्या सदऱ्यावर शिंतोडाही नाही. आणि आपण 'नियती, नियती' करत त्याला सोडून देतो. मावशीही तेव्हा म्हणाली होती, "नशीब तिचं." नशीब कसलं? फोन माणसानं केला होता.

टेसनं अॅलेकचा खून केला, तो खूनच. कबूल. एंजल पस्तावून परत आला, तेही कबूल.

बाळाच्या प्रसंगाला मात्र रागही उरत नाही. बाप पाद्रीला घरात येऊ देत नाही म्हणून ही पोर रात्री भावंडांना उठवते, हात धुण्याच्या तसराळ्यातल्या पाण्यानं स्वतःच बाप्तिस्मा देते, नाव ठेवते सॉरो. त्याला जागा मिळते दफनभूमीच्या खाजकुइलीच्या कोपऱ्यात, दारुडे आणि आत्महत्या केलेल्यांशेजारी. १८९१ साली हार्डीनं शीर्षकाखाली तिला 'निष्कलंक स्त्री' म्हटलं, तर टीकाकार खवळले. मावसबहीण मात्र तेव्हा आम्हालाच समजावत होती, "जाऊ दे गं, खरं बोलले ना मी."

कादंबरी संपते तेव्हा टेस फासावर जाते आणि एंजल तिच्या धाकट्या बहिणीचा हात धरून चालू लागतो. टेसनंच सुचवलं होतं, माहितेय मला. तरी त्याला कुणीच काही विचारत नाही. आज कट्ट्यावरही कुणी विचारलं नाही.