लाल काठीच्या बायका

दादाच्या सोसायटीला ओला-सुका वेगळा न केल्याबद्दल दंड झाला. आरोग्य निरीक्षक आला, मुकादमाने दोन डबे उपडे केले, फोटो काढला, पावती फाडली. झालं! तेव्हापासून घरच्या ग्रुपवर दुसरा विषय नाही. ही वसुली आहे, चहापाणी दिलं असतं तर फोटो निघालाच नसता, वगैरे. शेवटी दादाने मला टॅग केलं : "तुमच्या लंडनमध्ये कुणी दारात येऊन कचरा उचकतं का रे? तिथे शिस्त रक्तातच असते."

रक्तात म्हणे. रविवारी सकाळी आमच्या हाय स्ट्रीटवरून एक चक्कर मार म्हणावं. कबाबचे डबे आणि ओकाऱ्या चुकवत स्टेशन गाठलंस तर बोलू.

दारात येऊन उचकण्याचा हा धंदा लंडनला चांगला जुना आहे. 1665 च्या प्लेगात लॉर्ड मेयर आणि आल्डरमननी, म्हणजे वॉर्डांच्या प्रमुखांनी, काढलेले हुकूम वाचा. दर पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीत, एक-दोन प्रतिष्ठित माणसं तपासनीस म्हणून नेमायची, मुदत किमान दोन महिने. कुठल्या घरात कोण आजारी, कशाने, याचा शोध त्यांनी घ्यायचा. काम नाकारलं तर कबूल होईपर्यंत तुरुंग. ही रक्तातली शिस्त! रोगी सापडलेल्या घराच्या दारावर फूटभर लांबीचा लाल क्रूस, घरातली धडधाकट माणसंही आतच कोंडलेली आणि बाहेर दोन पहारेकरी, एक दिवसाचा, एक रात्रीचा. पहारेकऱ्याला कामासाठी कुठे जावं लागलं तर त्याने कुलूप लावून किल्ली बरोबर न्यायची. कचऱ्याचा गाडीवाला रोज यायचा आणि शिंग फुंकून वर्दी द्यायचा. आपली घंटागाडीच की ही! फक्त तिच्यावर गाणं वाजत नव्हतं.

पण मला त्या सगळ्यांत बायका आठवतात. 'सर्चर' म्हणायचे त्यांना. बहुतेक म्हाताऱ्या, गरीब, पॅरिशच्या मदतीवर जगणाऱ्या. कुणी मेलं की शपथ घेतलेल्या या बायकांनी जाऊन प्रेत बघायचं आणि मरणाचं कारण सांगायचं. हातात तीन फुटी लाल काठी, म्हणजे लोकांनी लांबूनच ओळखून बाजूला व्हावं. साथीच्या काळात दुकान मांडायचं नाही, दुसऱ्याचे कपडे धुवायला जायचं नाही. त्यांनी सांगितलेलं कारण पॅरिशच्या कारकुनाकडे, तिथून छापखान्यात, आणि दर गुरुवारी शहराच्या हातात मृत्यूंचा तक्ता. 1665 सालचे प्लेगचे 68,596 बळी, हा आकडा त्या तक्त्यांतलाच. म्हणजे याच बायकांच्या तोंडचा.

खरा आकडा याहून मोठा असणार. दारावर क्रूस नको म्हणून घरोघर लपवालपवी चालायची. शिवाय जॉन ग्राँट नावाच्या कापडसामानाच्या व्यापाऱ्याने 1662 मध्येच या तक्त्यांचा हिशोब मांडताना लिहून ठेवलंय, की एक पेला एल (बिअरच ती) आणि एका ग्रोटऐवजी दोन ग्रोट मिळाले की या बायका गुप्तरोगाने मेलेल्याला क्षयाने मेला म्हणून मोकळ्या होतात. एक ग्रोट म्हणजे चार पेन्स. दादा, चहापाणी ते हेच.

अजून एक गंमत. 'स्कॅव्हेंजर' हा तेव्हा लंडनच्या वॉर्डात निवडलेला घरमालक असायचा, देखरेख करणारा. फावडं मारणारा वेगळा, त्याला 'रेकर' म्हणत. पुढे इथेच तो शब्द झाडणाऱ्यावर घसरला आणि आपल्याकडे पोचला तेव्हा तर सरळ जातीला चिकटला.

एवढं सगळं मी ग्रुपवर टाकलं. उत्तरादाखल दादाने चापेकरांना आणलं. घरात घुसणाऱ्या साहेबाचं पुण्यात काय झालं ते विसरलास वाटतं, आणि पुढे हसरा चेहरा. मी चिडलो. 1897 मध्ये रँडच्या कमिटीचे गोरे सोजीर स्वयंपाकघरात आणि देवघरात शिरले होते, तुझ्या पार्किंगमधल्या डब्यात नाही! लंडनने निदान आपल्याच पॅरिशची माणसं नेमली, असंही वर ठणकावलं. त्याच माणसांनी शेजाऱ्यांना घरात कोंडलं होतं, हे तेव्हा सोयीस्करपणे गाळलं. दादाचं पुढचं वाक्य ठरलेलं : "तुला काय जातंय, तू तिकडे."

खरं सांगायचं तर आमच्या निळ्या, रिसायकलिंगच्या बिनलाही मागे स्टिकर लागला होता. लाल. आत डायपर सापडला म्हणून गाडी बिन न उचलताच पुढे गेली. शेजारच्या इंग्रज म्हाताऱ्याच्या बिनला महिन्याआड लागतो, तो स्टिकरकडे बघून हसतो आणि कुत्र्याला फिरवायला जातो. मी मात्र बायको उठायच्या आत, पायजम्यावर, बाहेर जाऊन नखांनी तो खरवडून काढला. पूर्ण निघाला नाही. वीस वर्षं कौन्सिल टॅक्स भरतोय, पण रस्त्यावरच्या कुणी बघितलं असतं तर चूक माझी एकट्याची राहिली नसती, असं वाटलं. यातलं काही ग्रुपवर लिहिलं नाही.

आणि दादाकडे तो डबा रोज रिकामा करते त्या मावशींचं नाव मला ठाऊक नाही. दर डिसेंबरला जातो, त्या "कधी आलात?" विचारतात, मी "कालच" म्हणतो. दादाला नाव विचारलं तर तो म्हणाला, मावशीच.

आता मंगळवारी रात्री दह्याचे डबे साबणाने धुऊन बिनमध्ये टाकतो. बुधवारी सातला गाडी येते. ती बिन उचलेपर्यंत पडद्याआड उभा असतो.