विमानप्रवास कमी व्हायचा असेल, तर आधी कोकण रेल्वेचे दुहेरीकरण करा

सिंधुदुर्गातला चिपी विमानतळ ऑक्टोबर 2021 मध्ये आणि उत्तर गोव्यातला मोपा जानेवारी 2023 मध्ये सुरू झाला. तेव्हापासून आपल्याकडची विमानाची चर्चा मुंबईची फेरी चालू राहणार की बंद पडणार, एवढ्यापुरतीच उरली आहे. त्या विमानाने हवेत किती कार्बन सोडला, हे कोणी विचारत नाही. निसर्ग आणि तौक्ते ही लागोपाठच्या वर्षांतली वादळे सोसलेल्या किनाऱ्याने तरी ते विचारायला हवे.

एक किलो विमान-इंधन जळले की सुमारे 3.16 किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. शिवाय विमानामागे उमटणारे पांढरे पट्टे जमिनीची उष्णता अडवतात, आणि रात्री तर अधिकच. उड्डाण करून उंची गाठतानाच इंधन सर्वाधिक वेगाने जळत असल्यामुळे मुंबई-गोव्यासारखा जेमतेम तासाभराचा प्रवास कार्बनच्या हिशेबात दर किलोमीटरमागे लांबच्या प्रवासापेक्षा महाग पडतो. जैवइंधनाचे प्रयत्न स्वागतार्ह आहेत. मे 2023 मध्ये पुणे-दिल्ली विमानात देशी बनावटीचे असे इंधन अल्प प्रमाणात मिसळलेही गेले. मात्र आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी देशाचे 2027 चे उद्दिष्टच 1 टक्का आहे. तेवढ्यावर विसंबून राहणे मला पटत नाही.

आपल्या हाताशी असलेला खरा उपाय रुळांवर आहे. कोकण रेल्वेचा रोहा ते मंगळूरजवळचे ठोकूर हा 741 किलोमीटरचा मार्ग 2022 मध्ये पूर्ण विद्युतीकृत झाला. आपली वीज आजही मुख्यत्वे कोळशाची आहे, हे खरे. तरीही माणशी हिशेब केला तर रेल्वे विमानापेक्षा पुष्कळच कमी कार्बन सोडते. अडचण आहे ती एकेरी मार्गाची. रोहा ते वीर हा टप्पा 2021 मध्ये दुहेरी झाला, पण वीरच्या पुढे बहुतेक मार्ग अजून एकेरीच आहे. आडवली, विलवडे यांसारख्या स्थानकांत पॅसेंजर क्रॉसिंगसाठी बाजूला घेतली जाते. लोक फलाटावर उतरून पाय मोकळे करतात, समोरून एक्स्प्रेस धडधडत निघून जाते, आणि तरी सिग्नल लाल तो लालच. गणपतीत आरक्षण उघडताच काही मिनिटांत 'रिग्रेट', म्हणजे प्रतीक्षा यादीतही जागा नाही, असे दिसू लागते. अशा वेळी ज्याला परवडते तो चाकरमानी विमानाचे तिकीट काढतो, आणि त्याला दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही.

फ्रान्सने 2023 मध्ये अडीच तासांच्या आत रेल्वेने पोहोचता येते अशा काही मार्गांवरची विमाने बंद केली. आपल्याकडे वंदे भारतलाही मुंबईहून मडगावला पोहोचायला पावणेआठ तासांच्या आसपास लागतात, म्हणून तशी बंदी आज इथे अन्यायाची ठरेल.

कोकण रेल्वे महामंडळाच्या भारतीय रेल्वेतील विलीनीकरणाला महाराष्ट्र शासनाने 2025 मध्ये संमती दिली आहे. स्वतंत्र महामंडळाला न पेलणारा दुहेरीकरणाचा खर्च त्यानंतर केंद्राच्या अर्थसंकल्पातून व्हावा, आणि वीर ते सावंतवाडी दुसरा मार्ग कोणत्या वर्षी सुरू होणार हे विलीनीकरणाच्या अटींमध्येच लिहून घ्यावे, अशी मागणी आपल्या खासदार-आमदारांनी आताच लावून धरली पाहिजे.