"पीडीएफ पाठवलीय ना ताई, अजून काय पाहिजे?"

हे बघा, एकदाच शेवटचं सांगते. पुस्तकाच्या पानांचे फोटो काढून त्याची पीडीएफ केली म्हणजे पुस्तक अंध वाचकांसाठी तयार झालं असं नसतं. ती फक्त फोटोंची चळत असते. स्क्रीन रीडरला (स्क्रीनवरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर) त्यात एक अक्षर सापडत नाही, तो गप्प बसतो, पुढच्या पानावर गेलं तरी गप्पच, आणि हेडफोन लावून बसलेल्या पोराला वाटतं आपल्याच लॅपटॉपला काहीतरी झालं. मग त्याचा मला फोन, "ताई, फाईल उघडत नाहीये हो." उघडलीय रे, आत काही नाहीये.

आणि मदतनीसांच्या ग्रुपवर मात्र फुल्ल जल्लोष! "संपूर्ण पुस्तक स्कॅन करून टाकले आहे, तेवढीच सेवा", खाली हात जोडलेले पन्नास इमोजी. माझं काम, म्हणजे त्या फोटोंतला मजकूर साफ करून अंध पोरांना वाचता येईल असा करणं, तिथनं सुरू होतं ते कुणाला दिसतच नाही. सगळ्यांच्या डोक्यात एकच, की स्कॅन झालं, आता एक बटण दाबलं की दुसऱ्या बाजूनं ब्रेल बाहेर येतं. कुठंय ते बटण? मलाही दाखवा, मी रात्री झोपेन तरी.

मराठी ओसीआर, म्हणजे फोटोतली अक्षरं ओळखून त्याचा टाईप केलेला मजकूर करणारं सॉफ्टवेअर, आता बरंच सुधारलंय, खोटं कशाला बोलू. गूगल ड्राइव्ह घ्या नाहीतर टेसरॅक्ट घ्या, स्वच्छ छापलेलं पान सपाट ठेवून ३०० डीपीआयला स्कॅन केलं तर काम बऱ्यापैकी होतं. पण आमच्याकडं येतं काय? ट्यूबलाइटखाली मोबाईलवर काढलेला फोटो, त्यात स्वतःच्याच डोक्याची सावली, कोपऱ्यात अंगठा, दोन पानं एकाच फोटोत, मधल्या शिवणीत प्रत्येक ओळीची दोन-दोन अक्षरं गेलेली. दोन पानं एकत्र असली की मशीन कधीकधी डावीकडची ओळ संपवून सरळ उजव्या पानावर जातं, म्हणजे राज्यव्यवस्थेच्या पुस्तकात अर्धं वाक्य राष्ट्रपतींचं आणि अर्धं पंचायत समितीचं. आणि पेनानं अधोरेखित करणारे लोक! वाचनालयाचं पुस्तक आहे, तुमच्या तीर्थरूपांचं नाही. त्या रेघेत सगळे उकार जातात, मशीनला रेघ कुठली आणि उकार कुठला कळत नाही. उलट कागदावर धुळीचा ठिपका असला की तिथं फुकटचा अनुस्वार.

मग ह्या चुका. घ चा ध, भ चा म, ब चा व, ख फुटून र आणि व वेगळे. लोक म्हणतात, "अगं एवढं काय, कळतं की संदर्भावरून." तुम्हाला कळतं! कारण तुम्ही घ आणि ध डोळ्यांनी बघितलेत, ते सारखे दिसतात हे तुम्हाला माहितीय, 'धरात कोणी नव्हते' वाचलं की तुम्ही मनातल्या मनात घर करून पुढं जाता. ब्रेलमध्ये सहा ठिपक्यांच्या जागांना नंबर असतात, त्यातले काही उठवून अक्षर होतं; घ म्हणजे १-२-६ हे ठिपके आणि ध म्हणजे २-३-४-६. बोटाला ह्या दोघांत काडीचं साम्य लागत नाही. जन्मापासून अंध असलेल्या वाचकानं छापील घ कधी बघितलाच नाही, तर ही चूक कुठून आली हे त्यानं कसं ओळखायचं? ही सगळी डोळ्यांना होणाऱ्या गोंधळाची जातकुळी आहे आणि ती निस्तरायला देतोय आपण ज्याला दिसत नाही त्याला. ह्या एका गोष्टीवर माझं डोकं सगळ्यात जास्त फिरतं.

बरं स्पेलचेकरच्या भरवशावर राहावं तर तेही नाही. सह्याद्रीच्या दऱ्या मशीन बिनधास्त सह्याद्रीच्या दर्या करून ठेवतं, आणि दर्या हाही शब्द बरोबरच, त्यामुळे खाली लाल रेघ येणार नाही. शिवाय दऱ्यांमधला हा अर्धा र युनिकोडमध्ये (कॉम्प्युटरवर अक्षरं साठवायची ठरलेली पद्धत) दोन वेगवेगळ्या पद्धतींनी टाईप होतो, दिसायला तंतोतंत सारखा, पण फाइंड-रिप्लेस मारलं की एकच सापडतो आणि दुसरा तसाच. 'ॲ'चंही तेच. म्हणजे शेवटी काय, ओळ न ओळ डोळ्यांखालनं घालायची.

हे झालं अक्षरांचं. फॉरमॅटिंगबद्दल बोलायला गेलं की लोकांना वाटतं मी मार्जिन न् डिझाईनचं बोलतेय. अहो, डिझाईन गेलं खड्ड्यात. (नाशकात आत्ता खड्डा शोधायला लांब जावं लागणार नाही, सिंहस्थाच्या नावानं अर्धं गाव खणून ठेवलंय.) मथळा मोठ्या आणि ठळक अक्षरात केला की डोळस माणसाला मथळा दिसतो. स्क्रीन रीडरला तो दिसत नाही, त्याला वर्डमधली हेडिंगची स्टाईल लावून सांगावं लागतं. ती लावली की एनव्हीडीएवर (हा एक स्क्रीन रीडर) एच दाबत दाबत पोरगं एका धड्यावरून दुसऱ्यावर उडी मारतं. नाही लावली तर नवव्या प्रकरणात जायला पहिल्यापासून ऐकत बसा. एवढी साधी गोष्ट आहे आणि शंभरातली नव्व्याण्णव माणसं स्पेसबार दाबून दाबून मथळा मध्ये आणतात! पान बदलायला एंटर एंटर एंटर. ऐकणाऱ्याला त्या प्रत्येक एंटरला ओळ रिकामी, ओळ रिकामी, ओळ रिकामी ऐकावं लागतं.

प्रत्येक पानाच्या डोक्यावर पुस्तकाचं नाव न् पान नंबर असतो, तो वाक्याच्या मधोमध येऊन पडतो. "राज्यपाल विधानसभेचे अधिवेशन भारतीय राज्यव्यवस्था एकशे बारा बोलावतात." घ्या! तळटीप चालू परिच्छेदात घुसते. मग एखादा हुशार मदतनीस येतो आणि एका झटक्यात सगळे पान नंबर उडवून टाकतो, "साफ केलं ताई". साफ नाही रे केलंस, वाट लावलीस. क्लासमध्ये सर म्हणतात पान एकशे बारा काढा, सगळा वर्ग काढतो आणि आपलं पोरगं शेजारच्याला विचारतं कुठली ओळ चाललीय. छापील पान नंबर ठेवायचाच असतो, फक्त वाक्यात न ठेवता वेगळ्या ओळीवर. तक्त्यांचं तर बोलूच नका. अर्थशास्त्राच्या पुस्तकातला पाच रकान्यांचा तक्ता ओसीआरमधून आकड्यांची शेपटी होऊन बाहेर येतो, कुठला आकडा कुठल्या वर्षाचा ते पुन्हा मूळ पान समोर ठेवून लावायचं. आणि 'शेजारील नकाशात दाखवल्याप्रमाणे' असं लिहिलेलं असेल तर तो नकाशा शब्दांत कोणी लिहायचा? मीच. भूगोल दहावीनंतर सोडलेला.

ब्रेलला गेलं की सगळंच महाग पडतं. सहा ठिपके, त्यातून ६३ आकृत्या, आणि भारती ब्रेल, म्हणजे भारतीय भाषांसाठीची ब्रेल, १९५१ पासून ठरलेली आहे, मराठीला वेगळं काही शोधायचं नाहीये. रूपांतर सॉफ्टवेअर करतं. पण सॉफ्टवेअर तुम्ही जे द्याल तेच करतं. चुकीचा अनुस्वार दिला तर कागदावर चुकीचा अनुस्वार उठवेल, रिकाम्या ओळी दिल्या तर रिकाम्या ओळी. एका पानावर साधारण ४० खणांच्या (एका खणात एक आकृती) २५ ओळी मावतात, कागद जाड, साध्या पुस्तकाची दोन-चार बाडं होतात. त्यात पानोपानी पुस्तकाचं नाव परत परत उठवायचं? तुमच्या आळसाला कागद लागतो हो! कवितेचं सगळ्यात वाईट. कोणीतरी ओळी नीट करायच्या म्हणून मधले सगळे एंटर काढून टाकतं आणि अख्खी कविता एक परिच्छेद होऊन बसते, ओवी कुठं संपली पत्ता नाही. कुसुमाग्रजांच्या गावात राहतो आपण, २७ फेब्रुवारीला केवढे कार्यक्रम असतात, आणि इथं एका कवितासंग्रहाच्या ओळी तोडायला माणूस मिळत नाही.

"मग ऑडिओ ऐका की, आता ब्रेल कोण वाचतं?" हे म्हणणारा माणूस समोर असला की मी विषय बदलते, नाहीतर भांडण होईल. स्वतःच्या पोराला शाळेत नुसतं ऐकवून शिकवाल का? वाचायला-लिहायला नको? ऱ्हस्व-दीर्घ, जोडाक्षर, विरामचिन्ह, गणितातला कंस हे कानानं येत नाही. ज्याला ऐकायचंय त्यानं ऐकावं, पण ज्याला बोटानं वाचायचंय त्याला तुम्ही कोण सांगणार?

आता खरा संताप. पुस्तक छापलं कशावरून? कॉम्प्युटरवरून. म्हणजे प्रकाशकाकडं टाईप केलेली, प्रूफ तपासलेली फाईल पडलेली आहे. एकांना (नाव घेत नाही) फोन केला, की फाईल द्या, अंध विद्यार्थ्यांसाठी हवीय. "नाही मॅडम, पायरसी होते." सांगितलं, साहेब २०१२ ला कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली, नफा न कमावता अपंगांसाठी असं रूपांतर करायला परवानगीच लागत नाही, अंधांना पुस्तकं मिळावीत म्हणून केलेला आंतरराष्ट्रीय माराकेश करार २०१३ ला झाला आणि २०१४ ला त्याला मान्यता देणारा पहिला देश आपलाच होता. "हो का, मग लेटरहेडवर लिहून द्या, बघतो." बघतच आहेत. आणि समजा फाईल मिळालीच तर ती जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये, स्क्रीनवर मराठी दिसतं पण आत सगळी इंग्रजी अक्षरं न् चिन्हं, स्क्रीन रीडर ती जशीच्या तशी बडबडतो. म्हणजे त्यांनी कॉम्प्युटरवरून कागदावर उतरवायचं आणि आम्ही त्या कागदाचा फोटो काढून परत कॉम्प्युटरमध्ये चढवायचं. गहू दळून झाल्यावर पिठाचे परत गहू करून दाखवा म्हणण्यातला प्रकार आहे हा.

हल्ली नवीन एक आलंय, "एआयला दे ना, सेकंदात करतो." दिलं होतं. सुंदर झालं, वाचायला एकदम गुळगुळीत. फक्त मूळ पुस्तकात नसलेलं अर्धं वाक्य त्यानं पदरचं घातलं होतं. ओसीआरची चूक निदान चूक म्हणून खटकते तरी, ही खटकतच नाही, आणि पोरगं तेच पाठ करून परीक्षेला बसणार. म्हणजे पुन्हा मूळ पान शेजारी ठेवून ओळ न ओळ बघणं आलंच.

४ जानेवारीला ब्रेल दिन, १५ ऑक्टोबरला पांढरी काठी दिन, तेव्हा बघा, गंगापूर रोडच्या हॉलमध्ये बॅनर, शाल, नारळ, ह्या क्षेत्रात खूप काही करायचंय म्हणून भाषण. स्टेजवरून उतरल्यावर विचारावं, "काका, एक प्रकरण प्रूफला घेता का?" "चष्म्याचा नंबर वाढलाय गं." बरं बरं.

आणि कृपा करून सुरू करायच्या आधी शोधत तरी जा! २०१६ पासून सुगम्य पुस्तकालय आहे, अंध वाचकांसाठी तयार केलेल्या पुस्तकांचं ऑनलाइन वाचनालय, तिथं आधी बघा ना ते पुस्तक कोणी केलंय का. तेच पुस्तक पुण्यात एक जण साफ करतोय, नागपुरात एक जण आणि इथं सिडकोत मी, तिघांना एकमेकांचा पत्ता नाही, आणि ज्या पुस्तकासाठी पोरं रडतायत ते कोणाकडंच नाही.

तर आत्ता हातात असलेल्या ह्या राज्यव्यवस्थेच्या पुस्तकात पान ८८ नंतर थेट ९१ येतं. ज्यानं स्कॅन केलं तो म्हणतो, "मूळ पुस्तक रद्दीत दिलं ताई." रद्दीत! ज्याच्याकडं ही आवृत्ती असेल त्यानं ८९ आणि ९० पाठवा, एका फोटोत एकच पान, दिवसाच्या उजेडात, फोटोवर फिल्टर मारू नका, आणि व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर ते दाबून बारीक करतं न् अक्षरं फुटतात. इमोजी नाही टाकलेत तरी चालेल.