देणगी वेगळी आणि उतरंड वेगळी
माणसामाणसांतले भेद ईश्वरनिर्मित असल्याने विषमताही त्याचीच इच्छा मानावी, हे एका लेखातील प्रतिपादन मला श्रद्धाळू म्हणूनच मान्य नाही. गीतेच्या चौथ्या अध्यायात चातुर्वर्ण्याचा आधार म्हणून गुण आणि कर्म सांगितले आहेत, जन्म नव्हे. तरीही आमच्या नाशकात काळाराम मंदिराचे दार सर्वांना उघडावे म्हणून २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू करावा लागला, याची आजही खंत वाटते. ईश्वराने दिलेल्या गुणाची देणगी मात्र मी मानतो. पौषात निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी त्र्यंबकेश्वरी जाणाऱ्या आमच्या दिंडीत एक निरक्षर शेतकरी पखवाजाचा सूर जुळवायला त्याला अंगठ्याने कणीक लावतात, थाप मारून कान देतात, पुन्हा चिमूटभर काढतात; आणि भजन संपल्यावर आमचे वेदपाठी गुरुजी त्यांच्या पायांवर डोके ठेवतात, तेही गुरुजींच्या.